श्रवणयंत्र आणि पाणी

ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना श्रवणयंत्राचा मोठा आधार असतो. चष्मा जसा अधू दृष्टीला, तसे हे यंत्र मंद झालेल्या कानांना साहाय्य करते. शिक्षकांचे शब्द, आईची हाक, रस्त्यावरील मोटारीचा भोंगा, हे सारे त्याच्या योगाने ऐकू येते. परंतु या उपकारक यंत्राला एक शत्रू आहे. तो म्हणजे पाणी.

कानामागे बसणारे श्रवणयंत्र काजूगरासारखे वळलेले असते. त्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून आवाज आतील मायक्रोफोनवर पडतो. मायक्रोफोन ध्वनिलहरींचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. हे संकेत यंत्रात प्रबळ केले जातात. मग त्यांचा पुन्हा ध्वनी होतो आणि तो एका लवचीक नळीवाटे कानात पोहोचतो. पुष्कळ यंत्रांत जस्ताची लहानशी बॅटरी असते. तिच्या छिद्रांतून हवेतील प्राणवायू आत गेला, तरच वीज निर्माण होते. म्हणजे आवाजासाठी आणि हवेसाठी यंत्राला वाटा ठेवाव्याच लागतात. आणि त्याच वाटांनी पाणीही आत शिरू शकते.

पाऊस डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस सावध राहतो. घाम मात्र नकळत पाझरतो. त्यात क्षार असल्यामुळे यंत्रातील धातूचे बारीक भाग गंजतात. त्याहूनही छुपा शत्रू म्हणजे बाष्प. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. तसेच कानातील उबदार, दमट हवा नळीत येऊन थंड झाली, की तेथे थेंब साचतात. एवढासा थेंबही आवाजाची वाट अडवितो. पावसाळ्यात कोकणासारख्या दमट प्रदेशात ही अडचण फार जाणवते.

ही अडचण आजची नव्हे. जुन्या श्रवणयंत्रांत काचेच्या निर्वात नळ्या असत. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५० नंतर काही वर्षांतच त्याचा उपयोग श्रवणयंत्रात होऊ लागला. ही यंत्रे आटोपशीर होती. पण आत दमटपणा शिरल्यामुळे कित्येक यंत्रे काही आठवड्यांतच बंद पडू लागली. पुढे ट्रान्झिस्टरवर संरक्षक लेप देण्यात येऊ लागला. आजच्या अनेक यंत्रांवर 'आयपी ६८' अशी खूण असते. तीतील ६ हा अंक धुळीपासून आणि ८ हा अंक पाण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा निदर्शक होय. तथापि ही कसोटी ठरावीक खोलीच्या स्वच्छ पाण्यात, ठरावीक वेळ घेतलेली असते. घाम, साबण आणि समुद्राचे खारे पाणी यांपासून अभय मिळाले, असा तिचा अर्थ नाही.

म्हणून काळजी हाच खरा उपाय होय. स्नान करताना व पोहताना यंत्र काढून ठेवावे. केस पूर्ण वाळल्यावरच ते कानात घालावे. पावसात छत्री किंवा टोपी असावी आणि दप्तरात घट्ट झाकणाची एक डबी असावी. रात्री यंत्र मऊ, कोरड्या कापडाने पुसावे, बॅटरीचे झाकण उघडे ठेवावे आणि यंत्र सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवावे. सिलिका जेलचे खडे हवेतील ओलावा शोषून घेतात. ते खाण्याचे नव्हेत, हे लहान भावंडांनाही बजावून सांगावे.

यंत्र भिजलेच, तर ते त्वरित बंद करून बॅटरी काढावी. जी बॅटरी निघत नाही, ती ओढून काढू नये. यंत्र पुसून त्याच डबीत ठेवावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास ते अधिकच बिघडते. तांदळाच्या डब्यात ठेवल्यास त्याच्या छिद्रांत तांदळाची पूड जाते. एवढे करूनही आवाज आला नाही, तर जाणकाराकडे न्यावे. स्वतः उघडू नये.

यंत्र बंद पडले, की ते वापरणाऱ्या मुलाला फळ्यावरील अक्षरे दिसतात, पण शिक्षकांचे बोलणे नीट ऐकू येत नाही. आपल्याला प्रश्न विचारला, हेही कधीकधी त्याच्या ध्यानात येत नाही. आणि इतरांना वाटते, की त्याचे लक्षच नाही. म्हणूनच ही काळजी त्याच्या एकट्याची नव्हे. रंगपंचमीला पिचकारी उडविण्यापूर्वी मित्राला यंत्र काढून ठेवण्यास अवधी द्यावा. यंत्र काढल्यावर त्याला हाक ऐकू येणार नाही; तेव्हा समोर जाऊन, हाताने खूण करून त्याला खेळात घ्यावे. यंत्र कोरडे राहील आणि मित्रही एकटा पडणार नाही.