पूर ओसरला की

नाशिकचा २०२७चा कुंभमेळा तोंडावर आला आणि गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठाला पुन्हा माणसांची नजर लागली. परवा नदीपासून हाकेच्या अंतरावरचा प्लॉट दाखवत एक सुशिक्षित गृहस्थ ठासून म्हणाले, ‘इथे कधी पाणी येत नाही हो!’ हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

१९६९चा महापूर आमच्या वडीलधाऱ्यांचा. त्याच्या कथा सांगून सांगून गुळगुळीत झाल्या. पुढची वर्षं गंगापूर धरणाच्या भरवशावर निवांत गेली, त्यांत सांगण्यासारखं फारसं नाही. आम्ही भोगला तो नव्या शतकाच्या पहिल्या दशकातला.

२००३च्या कुंभासाठी गोदापात्रात काँक्रीट ओतलं गेलं आणि कितीतरी जुनी कुंडं त्याखाली गडप झाली. एंडेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाच्या मते आठवण बऱ्याचदा शाबूत असते, तिच्यापर्यंत नेणारी खूण तेवढी हरवते. आम्ही तर ती सरकारी खर्चानं बुजवली. आजच्या पोरांना कुंडांची नावं विचारा, रामकुंडापुढे गाडी सरकत नाही. त्याच कुंभात २७ ऑगस्टला सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले. त्यांची आठवण कोण काढतं?

मग १९ सप्टेंबर २००८. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल पाण्यात; नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा. दुकानांतला गाळ उपसताना जो तो म्हणत होता, आता नदीच्या वाटेला जायचं नाही. पाठोपाठ पूररेषा आखल्या गेल्या: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. झालं, गाळ वाळायच्या आत ‘रेषा सरकवा’चा घोषा सुरू! बिल्डर ओरडले ते समजू शकतो. कालपर्यंत गाळ उपसणारेही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले.

मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेली निरर्थक अक्षरं तासाभरात निम्म्याहून जास्त विसरली जातात. पण घरात शिरलेलं पाणी म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, तेव्हा ही सबब चालणार नाही. नकोसं तेच माणूस विसरतो, हे फ्रॉइडचं म्हणणं प्रयोगशाळेतल्या मंडळींना फारसं पटत नाही. त्यांनी नाशिकमध्ये फ्लॅट घ्यायला यावं.

२०१६ आणि २०१९च्या पुरांनी आणखी घोळ घातला. नवं जुन्यावर चढतं, म्हणून २००८चं सांगता सांगता लोक मोबाईलवर २०१९चे फोटो दाखवतात. पाणी वाढलं की होळकर पुलावर गर्दी उसळते. मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, याची चर्चा रंगते. निळी रेषा आपल्या इमारतीच्या कोणत्या बाजूनं जाते, असं विचारलं की हीच मंडळी सोसायटीच्या चेअरमनकडे बोट दाखवतात, चेअरमन बिल्डरकडे, आणि बिल्डरचं ऑफिस तोवर दुसरीकडे हललेलं असतं.