डोंगरवाटेसाठी भरवशाचे वाहन
कळवण तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ आहे. पावसाळ्यात पाड्याच्या वाटेवर वाहन रुतल्यास आजाऱ्याला दवाखाना व मालाला बाजार दुरावतो.

१९८५ साली आलेली मारुती जिप्सी हलकी असून इंजिनाची शक्ती तिच्या चारही चाकांना देता येते. परंतु तिची विक्री आता बंद आहे. जुनी घेण्यापूर्वी सुट्या भागांची चौकशी करावी. महिंद्र बोलेरो नाशिकलाच तयार होते. मात्र तिच्या नेहमीच्या प्रकारात शक्ती मागील दोनच चाकांना मिळते. खोल चिखलात ती अडकते.

शेतकरी बंधूंनी नावापेक्षा वाट, ओझे व दुरुस्तीची सोय पाहावी. ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियलमधील तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजून त्वरित बदलावे. निगा राखली तरच वाहन भरवशाचे ठरते.