न फोडायचं पाकीट

मराठीत पाकीट उघडत नाहीत, फोडतात. लखोटा फोडतात, पत्र फोडून वाचतात, आणि कुरिअरची पिशवी दारात आली की कात्री सापडेपर्यंत धीर निघत नाही, दातांनीच तिचा कोपरा फाडतात. नारळ, मडकं आणि पाकीट यांना भाषेने एकच क्रियापद दिलं त्याला कारण आहे. एकदा फुटलं की पुन्हा सांधायचं नाही, हाच पाकिटाचा धर्म. तो बदलायचा आणि तेच पाकीट दहा-वीस-पन्नास वेळा टपालातून फिरवायचं, असा प्रयत्न गेली काही वर्षं अनेक देशांतले डिझायनर करत आहेत. वाटतं त्याहून हे काम बरंच अवघड आहे.

हा धर्म फार जुना आहे. आजच्या तुर्कस्तानात कायसेरी शहराजवळ कुलतेपेची टेकडी आहे. सुमारे ४ हजार वर्षांपूर्वी तिथे कानेश नावाची पेठ होती आणि असिरियन व्यापारी तिथे कथील, कापड आणि चांदीचे व्यवहार करत. उत्खननात त्यांनी लिहिलेल्या मातीच्या २० हजारांहून अधिक पाट्या सापडल्या. त्यांतल्या अनेक पाट्यांभोवती मातीचंच पाकीट होतं. ओल्या मातीच्या पातळ पापुद्र्यात पाटी गुंडाळायची, वर मुद्रा उमटवायची आणि वाळू द्यायची. ज्याच्या नावाचं पत्र असेल त्याने ते अक्षरशः फोडायचं. वाटेत दुसऱ्या कुणी फोडलं तर ते लपत नसे.

कागद आला तरी युक्ती तीच राहिली. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी स्कॉटलंडची राणी मेरी हिचा शिरच्छेद झाला. त्याच्या काही तास आधी तिने फ्रान्सचा राजा तिसरा आंरी याला शेवटचं पत्र लिहिलं. आजच्यासारखी पाकिटं तेव्हा प्रचारात नव्हती. त्यामुळे पत्राच्याच समासातून कागदाची एक बारीक पट्टी कापून ती घड्यांमधून दोऱ्यासारखी ओवली होती. पट्टी तोडल्याशिवाय पत्र उलगडणं अशक्य. कागदाच्या अशा कुलपांचा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जतनतज्ज्ञ जाना डॅम्ब्रोजिओ यांनी आयुष्याचं काम म्हणून केला आहे. त्यांच्यासह संशोधकांच्या एका गटाने २०२१ मध्ये १६९७ सालचं एक बंद पत्र न उघडता वाचून दाखवलं. त्यासाठी दंतसंशोधनाकरता बनवलेला क्ष-किरण स्कॅनर वापरावा लागला आणि संगणकावर एकेक घडी उलगडावी लागली. एक पत्र न फोडता वाचायला एवढा खटाटोप!

म्हणजे पाकिटाची कामं दोन. आतली वस्तू सांभाळायची, आणि कुणी आत हात घातला तर त्याची चुगली करायची. पहिल्या कामासाठी पाकीट टिकलं पाहिजे, दुसऱ्यासाठी फुटलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच वस्तूवर लादली, तर ती वस्तू दर वेळी कचऱ्यातच जाणार. त्यामुळे पुन्हा वापरायच्या पाकिटाची पहिली पायरी म्हणजे ही कामं दोन वस्तूंना वाटून देणं. टिकायचं पिशवीने, फुटायचं सीलने.

ही वाटणी आपल्याला नवी नाही. जुन्या काळी राजेरजवाड्यांची पत्रं रेशमाच्या किंवा किनखापाच्या पिशवीतून जात. आत मलमलीची पिशवी, तोंडाशी दोरी, आणि त्या दोरीला लटकवलेली लाखेची मुद्रा. ही पिशवी म्हणजे खलिता. पुढे आतल्या पत्रालाच खलिता म्हणू लागले. पत्र वाचायला मुद्रा तोडावी लागे, किनखाप फाडावा लागत नसे. टपाल खात्याच्या कॅनव्हासच्या थैलीचंही तेच. थैली वर्षानुवर्षं गाडीतून फिरते, दर फेरीला नवी असते ती फक्त तोंडाची दोरी, लेबल आणि सील. मुंबईत वाढलेल्या मागच्या पिढ्यांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. बाटली धुऊन पुन्हा भरायची, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं पातळ टोपण मात्र रोज नवं. आत भेसळ झाली की नाही याची साक्ष ते टोपण द्यायचं. मतदान यंत्रंही एका निवडणुकीनंतर टाकून देत नाहीत. त्यांच्यावरचं क्रमांक असलेलं, पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतलेलं गुलाबी कागदी सील दर वेळी नवं असतं, आणि ते नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतं.

आजच्या पाकिटासाठी सील निवडताना पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकात काही ना काही खोट निघते. वेल्क्रो सोपं असतं, मात्र त्याच्या आकड्यांत धागे आणि केस अडकून काही महिन्यांत पकड जाते. शिवाय उघडून पुन्हा लावलं तर काहीच कळत नाही. छेडछाड दाखवणारी चिकटपट्टी जास्त हुशार. तिच्या आतल्या थरात अक्षरांच्या आकारात डिंकाची पकड मुद्दाम कमी-जास्त ठेवलेली असते. पट्टी उचकटली की थराचा काही भाग खाली राहतो, काही पट्टीबरोबर वर येतो, आणि तोवर न दिसणारी अक्षरं उमटतात. पट्टी परत दाबली तरी अक्षरं जात नाहीत. पण खाली राहिलेला तो थर दर फेरीला पिशवीवर साचत जातो आणि खरवडायला माणूस लागतो. म्हणून अनेकदा चेन लावतात आणि चेनच्या सरकत्या खिट्टीतून क्रमांक छापलेलं प्लॅस्टिकचं छोटं सील ओवतात. ते तुटल्याशिवाय चेन हलत नाही. वाया जातो तो काही ग्रॅमचा तुकडा. सगळ्या पर्यायांत हाच मार्ग सर्वांत सरळ वाटतो.

पत्त्याचंही असंच आहे. लेबल चिकटवलं की डिंक राहतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आधीच्या माणसाचं नाव आणि मोबाइल क्रमांक पुढच्याच्या घरी पोहोचतो. ग्रंथालयाच्या पुस्तकाला दाखल क्रमांक असतो तसा पिशवीला स्वतःचा कायमचा क्रमांक हवा, आणि पत्त्याची चिठ्ठी पारदर्शक खिशात सरकवता आली पाहिजे.

आता कापड कशाचं? कागद घडीवर मोडतो. घडी पडते तिथे सेल्युलोजचे तंतू तुटतात, आणि पुन्हा पुन्हा दुमडला की कागद त्याच रेषेवर फाटतो. याउलट पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा एक दुर्मीळ गुण असा की ते एकाच रेषेवर हजारो वेळा वाकवलं तरी तुटत नाही. वाकताना त्याचे लांब रेणू घडीच्या आडव्या दिशेने ताणले जाऊन एकाशेजारी एक रांगेत बसतात आणि ती जागा कमजोर होण्याऐवजी चिवट होते. सॉसच्या बाटलीचं झाकण वेगळ्या बिजागरीशिवाय वर्षभर उघडझाप करतं, ते याच गुणामुळे. सिमेंटच्या आणि धान्याच्या विणलेल्या पांढऱ्या गोण्याही पॉलिप्रॉपिलीनच्याच असतात.

पण याच गोणीने एक इशाराही देऊन ठेवला आहे. गच्चीवर टाकलेली गोणी दोन उन्हाळ्यांनंतर हातात घेतली की तिचा भुगा होतो. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रेणूंच्या साखळ्या तोडतात. फिनलंडच्या मंद उन्हात टिकणारी पिशवी सोलापूर-अकोल्याच्या उन्हात दुचाकीला लटकून फिरली तर तेवढीच टिकेल असं धरता येत नाही. तिच्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळावी लागतील. त्यात कोकणचा पावसाळा आहेच. शिवलेल्या कडेला सुईची जितकी भोकं, तितक्या पाण्याच्या वाटा. म्हणून कडा शिवण्याऐवजी उष्णतेने सांधणं बरं.

फिनलंडचं नाव उगाच आलेलं नाही. हेलसिंकीत २०११ साली सुरू झालेल्या रीपॅक या कंपनीने या क्षेत्रातली सर्वांत नेटकी कल्पना मांडली. पुनर्वापरातल्या पॉलिप्रॉपिलीनची पिवळी पिशवी, त्यातून कपडे येतात. कपडे काढून घेतले की रिकामी पिशवी दुमडून पत्राएवढी होते आणि परतीचं टपाल आधीच भरलेलं असल्यामुळे कोणत्याही टपालपेटीत टाकता येते. ती तपासून, पुसून पुन्हा दुकानात जाते. निदान २० फेऱ्या चालेल, असा कंपनीचा दावा होता. फ्रान्समधल्या हिप्ली या कंपनीने आपल्या पिशवीसाठी १०० फेऱ्यांचा आकडा सांगितला. दोघींनी ओळखलेली गोष्ट एकच: जाताना पाकीट मोठं हवं आणि येताना लहान, कारण टपालपेटीचं तोंड बदलता येत नाही.

टपालयंत्राचं तोंडही बदलता येत नाही. याचा धडा अमेरिकेत मिळाला. १९९७ साली नेटफ्लिक्सच्या दोन संस्थापकांनी एक सीडी शुभेच्छापत्राच्या पाकिटात घालून सांताक्रूझमधल्या घरी टपालाने पाठवून पाहिली. ती न मोडता पोहोचली आणि टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. पुढे त्यांचं लाल पाकीट जाताना आणि येताना असं दोन्ही वेळा वापरलं जाऊ लागलं. वरचा पत्ता फाडून टाकला की खाली परतीचा पत्ता. सप्टेंबर २०२३ मध्ये ही सेवा बंद होईपर्यंत ५२० कोटींहून अधिक डिस्क अशा टपालाने गेल्या. दोन फेऱ्यांचं याहून यशस्वी पाकीट सापडणं कठीण. तरी २००७ मध्ये अमेरिकी टपाल खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने तपासणी केली तेव्हा परतीच्या अशा डीव्हीडी पाकिटांपैकी एका कंपनीची सुमारे ७० टक्के पाकिटं यंत्रातून जाऊ शकत नव्हती, असं आढळलं. फाडल्यानंतर पाकिटाची पुढची कड सैल पडायची आणि यंत्रात अडकायची. ती हाताने वर्गवारी करण्यापायी दोन वर्षांत ४ कोटी १९ लाख डॉलरची जादा मजुरी गेल्याचा हिशेब अहवालात होता. तासाला हजारो पत्रं उडवणाऱ्या यंत्राला एक लुळी कड पुरते. पाकीट नवं असताना कसं दिसतं याला तिथे महत्त्व नाही, उघडून पुन्हा बंद केल्यावर ते कसं वागतं याला आहे.

आणि सील, कापड, यंत्र हे सगळं जमलं, तरीही पाकीट यशस्वी होईलच असं नाही. इथे शाळेतलं गणित उपयोगी पडतं. दर फेरीला १०० पैकी ५० पाकिटं परत आली, तर एक पाकीट सरासरी २ वेळा वापरलं जातं. ७५ परत आली तर ४ वेळा, ९० आली तर १० वेळा, ९५ आली तर २० वेळा. म्हणजे १०० फेऱ्या टिकणारी पिशवी बनवली आणि लोकांनी तिची भाजीची पिशवी केली, तर तिचा चिवटपणा फुकट गेला. १०० फेऱ्यांची सरासरी गाठायला १०० पैकी ९९ पाकिटं परत यावी लागतात, शिवाय एकही झिजता कामा नये. समजा, टिकाऊ पिशवीला साध्या पिशवीच्या आठपट माल लागला. मग दर आठांतल्या सात परत आल्या तरच माल बरोबरीत सुटतो. परतीचं इंधन आणि धुण्याचं पाणी त्यात धरलेलंच नाही. हे गणित न मांडता जो फेऱ्यांचा आकडा सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

परतीचं प्रमाण कशाने वाढतं? पाकीट चार भिंतींच्या आतच फिरलं तर आपोआप. बँकांत आणि मोठ्या कार्यालयांत एक तपकिरी पाकीट फिरत असतं. त्यावर नावांसाठी चौकटींच्या रांगा छापलेल्या, बंद करायला कागदी बटणाभोवती गुंडाळायची दोरी, आणि अंगावर काही गोल भोकं, रिकामं आहे की भरलेलं ते बाहेरूनच दिसावं म्हणून. आधीचं नाव खोडायचं, पुढचं लिहायचं. ते इमारतीबाहेर जातच नाही, म्हणून हरवतही नाही. सरकारी कचेऱ्यांत आलेल्या पाकिटावर ‘इकॉनॉमी स्लिप’ चिकटवून तेच पुन्हा धाडण्याची पद्धत होती. महात्मा गांधी आलेली पाकिटं उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे तर सर्वश्रुतच आहे.

बाहेरच्या जगात दोनच उपाय चालतात: अनामत आणि सोय. फिनलंडमध्ये शीतपेयांच्या बाटल्या-डब्यांवर अनामत घेतात आणि ९० टक्क्यांहून अधिक परत येतात. आपल्याकडे अनामत ठेवायला लोक कचरतील, पण सोय इथे कुठल्याही युरोपीय शहरापेक्षा मोठी आहे. इथे दारापर्यंत माणूस येतो. डबेवाला जेवण पोहोचवून त्याच दिवशी रिकामा डबा परत नेतो, म्हणून मुंबईच्या डब्याला टपालपेटीची गरज कधी पडली नाही. पुण्यात, नाशिकात, पणजीत रोज लाखो घरांच्या दारात पार्सल घेऊन उभी असलेली मुलं तेच करू शकतात. वस्तू काढून घ्या, पिशवी तिथेच परत द्या. हेलसिंकीच्या पिशवीला पत्राएवढं दुमडावं लागतं ते टपालपेटीसाठी. इथल्या पिशवीने दुचाकीवरच्या खोक्यात चटईसारखी गुंडाळून बसावं.

मात्र त्या मुलाला आज मोबदला मिळतो तो पोहोचवलेल्या वस्तूमागे. दारात थांबणं, सील तपासणं, पिशवीचा क्रमांक नोंदवणं यात त्याचा वेळ जाणार. हे पाकीट महाराष्ट्रात आणायचं मनात असलेल्या प्रत्येक कंपनीने आपल्या हिशेबात पहिली रक्कम तीच लिहावी: परत आणलेल्या प्रत्येक रिकाम्या पिशवीमागे त्याला द्यायचे पैसे.