खलिता तोच, घोडा नवा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या उपकरणांवर लिहावे, ही कोणाला अनधिकार चेष्टा वाटेल. पण माझा खोलीमित्र विज्ञान शाखेचा (तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो) आणि त्याच्या प्रकल्पाच्या खर्चाची वही माझ्याकडे. प्रत्येक वस्तू कशासाठी घेतली हे विचारल्याशिवाय मी ती वहीत चढवीत नाही. या चौकशीतून जे समजले ते येथे मांडतो.

प्रकल्प साधा होता. वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीतले पाणी किती आहे हे दर मिनिटाला टिपायचे आणि ते कमी झाले की पंप आपोआप सुरू करायचा. टिपण्याच्या कामासाठी प्रयोगशाळेतून डेटा ॲक्विझिशनची पेटी मिळाली. तिच्या एका बाजूने मोजमापे आत येतात आणि दुसऱ्या बाजूने आठ तारांवरून संगणकाचे हुकूम बाहेर पडतात. हुकूम 'चालू' असला की त्या तारेवर ५ व्होल्ट दाब येतो.

मित्राने कोठीच्या गुजराती गल्लीतून ५ व्होल्टचा छोटा निळा रिले आणला. हुकूम ५ व्होल्टचा, रिलेही ५ व्होल्टचा. मग सरळ जोडून टाकला. रिले नुसता थरथरला, तारेवरचा दाब निम्म्याखाली आला आणि तिसऱ्या दिवशी ती तार कायमची मुकी झाली. उरलेल्या सात तारा वाचल्या हे नशीब, कारण पेटी विभागाची होती आणि तिची किंमत आमच्या सबंध प्रकल्पाच्या कितीतरी पट होती.

दाब जुळला होता, मग बिघडले कोठे? प्रवाहात. त्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ७० ओहम. ५ ला ७० ने भागले की ७१ मिलिअँपिअर येतात. अशा पेटीची एक तार मात्र साधारणपणे चार-आठ मिलिअँपिअरच सुखाने देऊ शकते. तिची घडण दुसऱ्या यंत्राला 'हो' किंवा 'नाही' सांगण्यासाठी असते, ओझे ओढण्यासाठी नव्हे. चेकवरची सही लाखाची रक्कम हलवते, पण ते लाख सहीच्या शाईत नसतात. खात्यात असावे लागतात. आमच्या मित्राने शाईतूनच पैसे काढायला घेतले होते.

गंमत अशी की, रिलेचा जन्मच या अडचणीतून झाला. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास दाखवून दिले की, लांब तारेतून येणारा दुबळा प्रवाह एक लहानसा चुंबक हलवू शकतो आणि तो चुंबक दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे मंडल जोडू शकतो. पुढे तारायंत्राचे संदेश याच युक्तीने दूरवर गेले. 'रिले' हा शब्दही वाटेत ताजी जनावरे बदलून घेण्याच्या प्रथेतला आहे. आपल्याकडची डाकचौकी तीच: खलिता तोच, घोडा नवा. पेटी आणि रिले यांच्या मध्ये आणखी एक चौकी हवी होती, एवढेच.

ती चौकी म्हणजे ट्रान्झिस्टर. आम्ही १२ व्होल्टचा रिले घेतला. त्याचे वेटोळे ४०० ओहमचे, म्हणजे गरज ३० मिलिअँपिअरची. ती वेगळ्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून भागते. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरला १०० पर्यंत झेपतात. तो पुरता उघडावा म्हणून बेसला दशांश प्रवाह, म्हणजे ३ मिलिअँपिअर, द्यायचा असा रिवाज आहे. ५ व्होल्टमधून बेसचे ०.७ वजा जाता ४.३ उरतात, मध्ये १.२ किलोओहमचा रोधक घातला की ३.६ मिलिअँपिअर मिळतात. हिशेब जमला. मात्र पेटीची आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्याची ऋण बाजू एकत्र जोडावी लागते, नाहीतर सही एका बँकेची आणि खाते दुसऱ्या बँकेत, असा प्रकार होतो.

वेटोळ्यावर उलटा डायोड बसवायचा, त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे. हा खर्च मला प्रथम उधळपट्टी वाटला. परंतु वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की चुंबकात साठलेली शक्ती क्षणभर मोठा दाब उसळवते आणि ट्रान्झिस्टर मरतो. डायोड तिला फिरून जिरायला वाट देतो. बरेच रिले चालवायचे असतील तर यूएलएन २००३ ही चकती बरी. तिच्यात अशा सात चौक्या डायोडसकट तयार असतात.

पंपाची मोटर या छोट्या रिलेच्या भरवशावर सोडली नाही. त्यावर १० अँपिअर लिहिलेले असते हे खरे, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते आणि संपर्क चिकटून बसतात. म्हणून रिले कॉन्टॅक्टर ओढतो आणि कॉन्टॅक्टर मोटर. ती २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडून करून घेतली.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न याहून निराळा आहे: हुकूम देणाराच बेशुद्ध पडला तर? वीज जाऊन परत आली की पेटी जागी होईपर्यंत तिच्या तारा अधांतरी असू शकतात. त्या क्षणी पंप सुरू झाला आणि खालचा संप कोरडा असला (हैदराबादेत जमिनीखालच्या हौदाला संप म्हणतात, कामगारांचा नव्हे!) तर पंप कोरडा फिरून जळेल. या बाबतीत रेल्वे आपली गुरू. सिकंदराबादला १९५७ पासून 'इरिसेट' ही रेल्वेची सिग्नल अभियंत्यांना शिकवणारी संस्था आहे. त्या विद्येचा पाया असा की, हिरवा दिवा लागायला रिलेला वीज मिळतच राहावी लागते. वीज गेली, तार तुटली की रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. आता अनेक स्थानकांवर निर्णय संगणक घेतो, तरी त्याचा हुकूम पुढे २४ व्होल्टच्या रिलेंमार्फत जातो आणि नियम तोच राहतो.

आम्हीही बेस आणि ऋण बाजू यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक टाकला. हुकूम नसेल तर ट्रान्झिस्टर बंदच राहतो. पंपासाठी रिलेचा जो संपर्क वापरला तो वेटोळ्यात प्रवाह असेल तरच जुळतो. शिवाय संपात एक तरंगता स्विच सोडून तो वेटोळ्याच्या वाटेतच घातला. पाणी तळाला गेले की ती वाट तुटते. मग संगणक काहीही म्हणो.