चेंडूची गिरकी आणि 1906 चा हंगाम

फुटबॉल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत मात्र याच नावाचा एक अगदी निराळा खेळ आहे. त्याचा चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या हद्दीच्या शेवटापर्यंत न्यायचा, असा हा खेळ. तेथील महाविद्यालयांत तो अतिशय लोकप्रिय आहे. परंतु 1905 साली तो बंद पडतो की काय, अशी वेळ आली होती.

खेळ की झुंज?

त्या वेळच्या नियमांप्रमाणे चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास मनाई होती. तीन प्रयत्नांत 5 यार्ड, म्हणजे सुमारे साडेचार मीटर, पुढे सरकले की चेंडू आपल्याच संघाकडे राही. मग संघ काय करीत? सगळे खेळाडू एकमेकांना चिकटून एक घोळका करीत आणि समोरच्या फळीवर आदळत. डोक्याला संरक्षण जवळजवळ नसेच. वृत्तपत्रांच्या मोजणीप्रमाणे 1905 च्या एकाच हंगामात शाळा-महाविद्यालयांतील आणि इतर मिळून 18-19 खेळाडू प्राणास मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. कोलंबिया विद्यापीठाने तर हा खेळच बंद केला.

अखेर 1906 साली नियम बदलले. तीन प्रयत्नांत आता 10 यार्ड जायचे होते आणि चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. हेतू उघड होता. चेंडू हवेतून कोठेही जाऊ शकतो म्हटल्यावर खेळाडूंना मैदानभर पांगावेच लागेल आणि घोळका आपोआप फुटेल. पण एक अट होती. फेकलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता जमिनीवर पडला, तर तो प्रतिपक्षाला मिळे. साहजिकच बहुतेक संघ चेंडू फेकायला कचरत. लांबट चेंडू कसाही फेकला तर तो कोलांट्या खात जातो आणि कोठे पडेल याचा भरवसा नसतो.

सेंट लुईसची युक्ती

सेंट लुईस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी हा प्रश्न मनावर घेतला. हंगामापूर्वी ते संघाला विस्कॉन्सिन राज्यातील एका तलावाकाठी घेऊन गेले आणि तेथे फेकीचा सराव सुरू झाला. त्यांची सूचना साधी होती. चेंडूच्या टोकाजवळ, जेथे तो बारीक होतो, तेथे शिवणीच्या नाडीवर बोटे रोवा आणि फेकताना मनगटाला असा झटका द्या, की चेंडू आपल्या लांब आसाभोवती फिरत जाईल.

या गिरकीने काय साधते? भोवरा आठवा. न फिरणारा भोवरा आरीवर क्षणभरही उभा राहत नाही, पण फिरणारा राहतो. फिरणाऱ्या वस्तूला कोनीय संवेग असतो आणि त्याची दिशा बदलणे सोपे नसते. म्हणून गिरकी घेणारा चेंडू हवेच्या धक्क्याने उलटापालटा होत नाही. बंदुकीच्या नळीत आतून आटे पाडतात ते याचसाठी.

दुसरा फायदा हवेच्या रोधाचा. आजचा चेंडू सुमारे 28 सेंटीमीटर लांब आणि 17 सेंटीमीटर रुंद असतो. तो आडवा गेला तर, टोक पुढे करून जाताना असतो त्याच्या दीडपटीहून मोठा पृष्ठभाग हवेला सामोरा येतो. रोध तर त्याहूनही अधिक वाढतो. टोक पुढे ठेवले की चेंडू लांब जातो.

येथे एक कोडे आहे. आसाची दिशा कायम राहते म्हणता, तर नाक वर करून फेकलेला चेंडू खाली येतानाही नाक वरच ठेवील. प्रत्यक्षात मात्र उतरताना त्याचे नाक खाली वळते. असे का व्हावे? 2020 साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी याचे सोपे उत्तर दिले. हवा चेंडूचे नाक वर ढकलू पाहते. पण फिरणारी वस्तू ढकलाल त्या दिशेला न कलता बाजूला वळते. भोवरा डुलतो तो असाच. याला परांचन म्हणतात. त्यामुळे चेंडूचे नाक त्याच्या गतीच्या दिशेभोवती लहान लहान वर्तुळे काढते. ती दिशा हळूहळू खाली वळते आणि नाकही तिच्या पाठोपाठ वळते.

हंगामाचा निकाल

5 सप्टेंबर 1906 रोजी कॅरोल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सन याने चेंडू पुढे फेकला. नियमानुसार झालेली ही पहिली फेक मानली जाते. ती वाया गेली आणि चेंडू प्रतिपक्षाला मिळाला. पण त्याच सामन्यात त्याची पुढची फेक जॅक श्नायडर या सहकाऱ्याने झेलली आणि गुण मिळाले. त्या हंगामात सेंट लुईसने सर्व 11 सामने जिंकले. त्यांचे गुण झाले 407, तर सर्व प्रतिस्पर्ध्यांचे मिळून अवघे 11!

एका फेकीने खेळ पूर्ण सुरक्षित झाला, असे मात्र समजू नका. 1909 साली पुन्हा अनेक खेळाडू दगावले आणि नियम आणखी कडक करावे लागले. पण घोळक्याने आदळण्यावाचूनही जिंकता येते, हे 1906 मध्येच दिसले होते.

आता हे स्वतः अनुभवा. सायकलचे सुटे चाक घ्या. आसाची दोन टोके दोन हातांत घट्ट धरा आणि मित्राला चाक जोराने फिरवायला सांगा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा. आता आस तिरपा करून पाहा. तुमच्या हातांना काय जाणवते आणि चाक कोणत्या दिशेला वळू पाहते, ते वहीत लिहून ठेवा. मग चाक थांबवून तोच प्रयोग करा आणि दोन्ही वेळचा फरक वर्गात शिक्षकांशी चर्चा करून समजावून घ्या.