विल्यम कॅरीचा मराठी ग्रंथोद्योग आणि श्रेयाचा प्रश्न

मुद्रक, प्रकाशक आणि भाषांतरकार या तिन्ही भूमिका एकाच इंग्रज गृहस्थाने पार पाडल्याचे मराठीच्या इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे विल्यम कॅरी (१७६१–१८३४). नॉर्दम्प्टनशायरमधील एका विणकराचा हा मुलगा जोडे शिवण्याचा धंदा करता करता अनेक भाषा शिकला. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला आणि १८०० पासून वॉर्ड व मार्शमन या सहकाऱ्यांसह डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर येथे त्याने मुद्रणकार्य आरंभिले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत असे.

त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये आणि 'नव्या करारा'चे भाषांतर १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 'सिंहासनबत्तिशी' (१८१४) व 'हितोपदेश' (१८१५) ही गद्य पुस्तके निघाली. कोशातील मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. कंपनीच्या अधिकाऱ्यांना दफ्तरी कागद वाचावे लागत, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मर्म कळते.

परंतु ही सारी निर्मिती एकट्या कॅरीची मानणे न्याय्य ठरणार नाही. व्याकरण व कोश यांमागे महाविद्यालयातील मुख्य मराठी पंडित, नागपूरकडील वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. गद्य पुस्तकांची भाषांतरे तर त्यांचीच. रामराम बसू यांच्या बंगाली 'राजा प्रतापादित्य चरित्रा'चा (१८०१) मराठी अवतारही त्यांनीच सिद्ध केला. म्हणजे आधुनिक मराठी गद्याच्या आरंभीच एका देशी भाषेतून दुसरीत झालेले भाषांतर आढळते. तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने ही गोष्ट इंग्रजी प्रभावाच्या रूढ कथेइतकीच महत्त्वाची आहे.

याच मालेत रघुजी भोसल्यांची वंशावळीही छापली गेली. तेव्हा जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८१७ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. ज्या प्रदेशांशी कंपनीचा व्यवहार वाढत होता, त्यांची भाषा व इतिहास तिच्या तरुण अधिकाऱ्यांना शिकविणे हा या ग्रंथांचा हेतू होता. म्हणूनच महाराष्ट्रातील सामान्य वाचकांत ते रुजले नाहीत. पुढे मुंबईतील मुद्रणाने बालबोध लिपीस प्राधान्य दिले आणि मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१) कॅरीचा कोश मागे टाकला.

तथापि मराठी शब्द व गद्य छापील रूपात मांडण्याची घडी येथे बसू लागली, हे मान्य केले पाहिजे. मात्र मुखपृष्ठावरील प्रकाशकाचे नाव म्हणजे ग्रंथकर्त्याचे नाव नव्हे. कॅरीचे चरित्र लिहिताना वैजनाथांचे नाव तळटीपेत न टाकता मुख्य संहितेत आणणे, हे आजच्या वाङ्मयेतिहासकाराचे कर्तव्य होय.