विट्याचं खानापूर की बेळगावचं?

पनवेलच्या तहसील कचेरीच्या आसपास ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं बरीच आहेत. प्रवेशांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुकानात एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मूळ गावाचा तालुका विचारल्यावर म्हणाले, "खानापूर." मदतनीस मुलगा आटपाडीकडचा, त्याच्या लेखी खानापूर एकच. त्यानं जिल्हा सांगली निवडला, लगेच सांगलीचे 10 तालुके उघडले, त्यात खानापूर होतंच. तो क्लिक करणार तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून दुकान चालवणाऱ्या ताईंनी मान वर केली. "थांब रे. आजोबा, विट्याचं खानापूर की बेळगावचं?"

"बेळगावचं. नंदगडच्या पुढं आमचं गाव."

मुलानं मागे जाऊन राज्य बदललं. महाराष्ट्र गेलं, कर्नाटक आलं, जिल्ह्यांची यादी पालटली. त्या बदलासरशी ताईंच्या एक्सेल शीटवर उजवीकडे एक नवा सेल जागा झाला: सीमाभागातला विद्यार्थी आहे का? महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी इथल्या काही प्रवेशांत वेगळी तरतूद आहे. नातू दहावी-बारावी तिकडेच शिकलेला, आता कळंबोलीला काकांकडे राहायला आलेला. सांगलीचं खानापूर निवडलं गेलं असतं तर हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नसता. फॉर्म अडला नसता, कुठे लाल रेघ उमटली नसती. सगळं बिनबोभाट भरून झालं असतं, फक्त मुलाच्या हक्काची गोष्ट त्याच्या नजरेलाही पडली नसती.

मी गेलो होतो एका दाखल्याची झेरॉक्स काढायला. त्या प्रश्नापायी नंतर जात राहिलो.

दुकान दहा बाय बाराचं. लॅमिनेशनच्या मशीनमधून येणारा तापल्या प्लॅस्टिकचा वास दिवसभर तिथे भरून असतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही शर्टाला येतो. ताई पूर्वी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये एमएस-सीआयटी शिकवायच्या. आता हे दुकान. येणाऱ्याची माहिती त्या आधी स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये भरून घेतात, कागद जुळवतात, गिऱ्हाइकाला स्क्रीनवर वाचून दाखवतात आणि मगच खऱ्या अर्जाकडे वळतात. ही शीट त्यांनी स्वतः बांधलेली आहे. आधीच्या उत्तराप्रमाणे पुढचे पर्याय बदलतात, हे तिचं वैशिष्ट्य. जिल्हा निवडला की त्याच जिल्ह्याचे तालुके दिसतात. दाखला निवडला की त्याच दाखल्याला लागणारे कागद दिसतात.

"महाराष्ट्रात 358 तालुके," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "358 नावं खाली-वर करत बसलं तर माणूस जवळचं दिसेल ते दाबतो. रायगड निवडला की 15 उरतात. 15 नावं माणूस वाचतो."

हा आकडा त्यांच्या बोलण्यात सारखा येतो. कोणी घाई केली की "358 आहेत हो," आणि मुलगा चुकला की "358 मधलं नेमकं हेच कसं सापडलं तुला?"

युक्ती तशी जुनी. सेलमध्ये ठरावीक यादीबाहेरचं काही भरू न देण्याची सोय एक्सेलमध्ये 97 सालच्या आवृत्तीपासून आहे. तिचं नाव डेटा व्हॅलिडेशन. प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांची यादी वेगळ्या शीटवर लिहायची, त्या पट्ट्याला नाव द्यायचं आणि दुसऱ्या सेलला सांगायचं की शेजारच्या सेलमध्ये जे नाव आलं असेल त्या नावाची यादी उघड. हे काम ‘इनडायरेक्ट’ नावाचं फंक्शन करतं. एवढं कोणत्याही क्लासमध्ये तासाभरात शिकवतात. ताई स्वतःच शिकवायच्या.

तासाभरात न शिकवलेलं मात्र पनवेलनं शिकवलं.

1 ऑक्टोबर 2016 ला पनवेलची महानगरपालिका झाली. जुन्या नगरपालिकेसोबत खारघर, कळंबोली, कामोठे हे सिडकोचे भाग आणि तालुक्यातली 29 गावं तिच्यात आली. काल ज्यांच्या पत्त्यात ग्रामपंचायत होती त्यांच्या पत्त्यात प्रभाग आला. म्हणून ताईंच्या शीटमध्ये तालुका पनवेल निवडला की आणखी एक प्रश्न येतो: महापालिका की ग्रामीण? महापालिका म्हटलं की प्रभाग समित्या, ग्रामीण म्हटलं की ग्रामपंचायती. प्रभाग समित्या चार: अ खारघर, ब कळंबोली, क कामोठे, ड पनवेल. त्यांच्या यादीपट्ट्यांना ताईंनी इंग्रजी अक्षरांत सुटसुटीत नावं द्यायचं ठरवलं. ए घेतलं, बी घेतलं, डी घेतलं. सी काही केल्या घेईना.

"अख्खी दुपार गेली माझी. कामोठ्याचंच काय वाकडं आहे म्हटलं याच्याशी!"

कारण कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. एक्सेलनं सी आणि आर ही दोन एकटी अक्षरं कॉलम आणि रो यांच्यासाठी राखून ठेवली आहेत, ती नाव म्हणून देता येत नाहीत. नावात मोकळी जागाही चालत नाही, त्यामुळे ‘मुंबई उपनगर’ जोडून लिहावं लागतं. तिथे कुर्ला, अंधेरी, बोरिवली हे तीन तालुके तरी आहेत. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकाच नाही. तो जिल्हा निवडला की दुसऱ्या सेलचा बाण दाबूनही काही उघडत नसे आणि समोरचा माणूस म्हणे, तुमचा कॉम्प्युटर बंद पडलाय. आता तिथे एकच पर्याय दिसतो: ‘लागू नाही’. रिकामी यादी आणि ‘लागू नाही’ यांत फॉर्म बनवणाऱ्याला फरक वाटणार नाही. समोर उभ्या असलेल्याला नक्की वाटतो. रिकाम्या यादीपुढे माणसाला वाटतं, चूक आपलीच.

पण या कामातला खरा फास कर्जतचा.

पनवेलकराला कर्जत म्हणजे इथलं, रायगडातलं. पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग आहे, अर्ध्या गावाचे पाहुणे तिकडे. आणि दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, ट्रक टर्मिनलवर, तळोज्याच्या कारखान्यांत घाटावरून आलेली माणसं हजारोंनी आहेत; त्यांतल्या कोणाचंही मूळ कर्जत ते असू शकतं. आता असं होतं: मुलगा सवयीनं रायगड निवडतो, तालुका कर्जत निवडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, अहो नगर जिल्हा. मुलगा जिल्हा बदलतो. एक्सेल पहिला सेल बदलतं, पण दुसऱ्यात आधी भरलेलं जे आहे ते तसंच ठेवतं. यादी नवी आली तरी जुनं उत्तर जागचं हलत नाही, आणि ते नव्या यादीत आहे की नाही हे एक्सेल आपणहून तपासत नाही.

त्यावर ताईंनी आधी नेहमीचा उपाय केला होता. तालुका त्या जिल्ह्याच्या यादीत नसेल तर सेल लाल व्हावा. पेणवर रायगड बदलून सातारा केलं की सेल लाल होई. कर्जतवर होईना, कारण दोन्ही याद्यांत कर्जत आहे. इथवर एक वेळ चालून जाईल, नाव तर बरोबरच राहिलं. पण तालुक्याच्या पुढे गाव असतं. आणि गावांची यादी नुसत्या ‘कर्जत’ नावाच्या पट्ट्यातून यायची, तो पट्टा रायगडचा. नगरच्या माणसासमोर नेरळ आणि कशेळे. त्याला आपलं गाव सापडेना, आणि लाल काही दिसेना.

"मला तेव्हा कळलं," ताई म्हणाल्या, "की लाल होणाऱ्या चुकांची भीती नाही. न होणाऱ्या चुका बघायला पाहिजेत."

मग त्यांनी कागद घेतला आणि दोनदोनदा येणारे तालुके लिहून काढले. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशकात आणि वाशिमला. कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. आष्टी बीडला आणि वर्ध्याला. सेलू परभणीला आणि वर्ध्याला. कारंजा वाशिमला आणि वर्ध्याला. तो कागद अजून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेला आहे, कोपरे तपकिरी झालेत. 358 मधून एवढे शोधायला त्यांना बरेच दिवस लागले, कारण ते त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं नाही. गिऱ्हाइकांना विचारलं. कोणी खेड म्हटलं की, "चाकणजवळचं की लोट्याचं?" समोरचा खूश होतो. आपलं गाव कोणाला तरी ठाऊक आहे म्हणून.

उपाय त्यांनी केला तो अगदी साधा. अशा तालुक्यांच्या नावातच जिल्हा घालून टाकला: कर्जत_रायगड, कर्जत_अहिल्यानगर. आता जिल्हा बदलला की जुनं नाव नव्या यादीत बसत नाही आणि सेल लाल होतो. मला या उपायाचं फार कौतुक वाटतं. फॉर्म्युला लांब करून किंवा मॅक्रो लिहूनही हे झालं असतं. पण मग ती दुरुस्ती स्क्रीनमागे राहिली असती. ही दुरुस्ती समोर बसलेल्या माणसाला वाचता येते, तो स्वतःच म्हणतो, "नाही नाही, नगरचं."

सगळं जमलंय असं नाही. व्हॉट्सॲपवर आलेला पत्ता मुलगा कॉपी करून सेलमध्ये पेस्ट करतो तेव्हा यादीबाहेरचं नावही न अडता आत जातं. शीट लॉक केली तरी भरायला मोकळ्या ठेवलेल्या सेलमध्ये पेस्ट होतंच. गावांच्या याद्या त्यांनी पनवेल, उरण, पेण, खालापूर आणि कर्जत एवढ्यांच्याच केल्यात. बाकी गावं हातानं टाइप होतात. घरबसल्या माहिती भरता यावी म्हणून गूगल फॉर्म करून पाहिला. त्यात उत्तरावरून पुढच्या विभागात पाठवता येतं, पण एकाच प्रश्नाची यादी बदलत नाही. म्हणजे 36 जिल्ह्यांचे 36 विभाग. रत्नागिरीपर्यंत केले आणि सोडून दिले.

नावं बदलली की काम वाढतं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव. यादीत नवं नाव, माणसाच्या हातातल्या शाळेच्या दाखल्यावर जुनं. म्हातारी माणसं नवी यादी पाहून गोंधळतात. जुनं नाव यादीत ठेवलं तर पुढे अर्जात जुळत नाही. म्हणून जिल्हा निवडला की शेजारी बारीक अक्षरांत जुनं नाव येतं, निवडायला नाही, फक्त दिसायला.

आणि विमानतळाची गावं. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली: उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे. माणसं वडघरला, पुष्पकनगरला राहायला गेली. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली. पण गाव विचारलं की ती माणसं वडघर म्हणत नाहीत. चिंचपाडाच म्हणतात. ‘राहण्याचं ठिकाण’ आणि ‘मूळ गाव’ यांचे सेल एकाला एक जोडलेले असते, तर राहण्याचं ठिकाण वडघर निवडल्यावर चिंचपाडा यादीतूनच गेलं असतं. ताईंनी इथे मुद्दाम जोड तोडली. प्रत्येक पर्याय आधीच्या उत्तरावर टांगायचा नसतो हे त्यांना चांगलं कळतं, आणि मोठमोठे फॉर्म आखणाऱ्या कितीतरी जणांना ते कळलेलं दिसत नाही. अमुक असेल तर तमुक नसणारच, असं गृहीत धरून पर्याय लपवणं सोपं असतं. ज्याचं ‘तमुक’ लपलं त्याची तक्रार मात्र कुठेच नोंदली जात नाही, कारण त्याला ते दिसलेलंच नसतं.

एकदा मी विचारलं, सीमाभागाचा तो सेल कधी घातला? त्या म्हणाल्या, एक मुलगी आली होती निपाणीची. तेव्हा शीटमध्ये राज्याचा कॉलमच नव्हता, सरळ जिल्ह्यापासून सुरुवात होती. तिनं 36 जिल्हे वरून खाली वाचले, खालून वर वाचले आणि हळूच म्हणाली, मी नंतर येते. ताईंनी तिला बसवून घेतलं. त्या रात्री दुकान बंद केल्यावर शीट डावीकडे एका कॉलमनं वाढली.

तेव्हापासून प्रत्येक यादीच्या शेवटी एक पर्याय कायम असतो: ‘यादीत नाही’. तो निवडला की शेजारचा सेल पिवळा होतो आणि त्यात काहीही लिहिता येतं, कोणत्याही लिपीत, कोणत्याही स्पेलिंगनं. शनिवारी संध्याकाळी गर्दी ओसरली की ताई फिल्टर लावून फक्त पिवळे सेल वाचतात. मी होतो त्या शनिवारी तीन नावं निघाली. एक पनवेल तालुक्यातली आदिवासी वाडी, जी मोठ्या गावाच्या नावाखाली मोडते. एक चुकीच्या स्पेलिंगमुळे तिथे आलेलं पोलादपूर. तिसरं त्यांना लागेना. मुलाला म्हणाल्या, "नंबर आहे ना त्यांचा? फोन लाव. पण तालुका विचारू नकोस. बाजाराला कुठे जाता, ते विचार."